वीसाचे चौतीस : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

विषय ठरला. मॅडमनी तीन विषय दिले होते: खाडीच्या पाण्यातले जड धातू, कांदळवनातली बुरशी आणि सूत्रकृमीचं (धाग्यासारख्या बारीक किड्याचं) आतडं. पहिले दोन हातोहात गेले. आम्ही दोघी कळव्याला गाडी अडकल्यामुळे उशिरा पोचलो, त्यामुळे उरलेलं आतडं आमच्या वाट्याला.

मॅडमनी पाच मिनिटांत प्रश्न समजावला. अंड्यातून बाहेर पडलेल्या अळीच्या आतड्यात वीस पेशी असतात, प्रत्येकीत एक केंद्रक (डीएनए असतो तो भाग). मोठी झाल्यावरही पेशी वीसच, पण केंद्रकं वाढलेली. हे कधी होतं, ते तासातासाने बघायचं. वहीत लिहिलं: "वीसाचे चौतीस होतात. कधी?"

घरी आजी म्हणाली, "जंत पाळायला एवढी फी भरली?" हा जंत पोटातला नाही, कुजक्या फळांवरचे जिवाणू खाऊन राहतो, असं सांगून पाहिलं. "हात धुतलेस ना?" एवढंच तिचं उत्तर.

१३ जानेवारी

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेतून प्लेट आली. पूर्ण नाव केनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स, लॅबमध्ये नुसतं एलिगन्स. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली याच्या उत्परिवर्तनांवरचा मोठा शोधनिबंध लिहिला आणि तिथून हा किडा जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. आमचा वाण वेगळा आहे: आतड्याच्या पेशींत चालणाऱ्या एल्ट-२ या प्रथिनाला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं. निळा प्रकाश टाकला की आतड्याची केंद्रकं तेवढी हिरवी उजळतात. हे हिरवं प्रथिन दुसऱ्या सजीवात घालून चमकवता येतं, हे १९९४ मध्ये ज्यांत दाखवलं गेलं ते दोन जीव म्हणजे ई. कोलाय जिवाणू आणि हाच किडा.

आमच्या लॅबमध्ये निळा प्रकाश टाकणारा मायक्रोस्कोप नाही. तो खारघरला, मॅडमच्या ओळखीत. शनिवारी सकाळी दोन तास मिळतील.

साध्या मायक्रोस्कोपखाली मात्र आजच बघितलं. जिवाणूंच्या दुधी सायीवर नागमोडी रेघा, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक किडा. काचेसारखा आरपार. आतडं घशापासून शेपटीपर्यंत, काळपट दाण्यांनी भरलेलं. मान हलवत खातच असतात, थांबत नाहीत.

१६ जानेवारी

किडे उचलायला प्लॅटिनमची तार काचेच्या नळीत बसवली. तारेचं टोक हातोडीने ठोकून चपटं करायचं असतं. मी ठोकलं ते फारच पातळ झालं, किडा उचलताना प्लेटमधली अगरची जेली कापली जाते. मामांनी (आमचे लॅब असिस्टंट) दुसरी तार एका फटक्यात बरोबर केली. तीस वर्षांचा हात.

१९ जानेवारी

वाचनाचा दिवस. लिहून ठेवते, नाहीतर तोंडी परीक्षेत बोंब.

एलिगन्सची प्रत्येक पेशी कुठून आली ते ठाऊक आहे. जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक विभाजन टिपलं. भ्रूणाची पूर्ण वंशावळ १९८३ मध्ये छापून आली. अंड्यातल्या पहिल्या पेशीपासून शेवटच्या पेशीपर्यंत, आपल्याकडे भाट पिढ्या सांगतात तसं. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

या वंशावळीत आतड्याचा भाग सगळ्यांत सुटसुटीत. बाकीचे अवयव इकडून तिकडून पेशी गोळा करून बनतात. आतडं मात्र एकाच पेशीपासून. तिचं नाव ई. भ्रूण चार पेशींचं असतं तेव्हा ईएमएस नावाच्या पेशीला शेजारची पी२ पेशी चिकटलेली असते. पी२ कडून विंट हा संदेश येतो. ज्या बाजूला तो पोचतो त्या बाजूची लेक ई होते आणि आतडं बनवते. दुसरी एमएस, ती घसा आणि स्नायूंकडे जाते. १९९२ मध्ये बॉब गोल्डस्टीन यांनी पेशी सुट्या करून दाखवलं की पी२ चा स्पर्श लवकर तोडला तर आतडं होतच नाही.

पुढे ई चे दोन, चार, आठ, सोळा. मग सोळातल्या चारच पेशी आणखी एकदा विभागतात: दोन अगदी पुढच्या, दोन अगदी मागच्या. बारा आणि आठ, वीस. या वीस पेशी नऊ कड्यांत बसतात. पहिल्या कड्यात चार, बाकी आठ कड्यांत दोन-दोन.

बारा जणी थांबतात आणि चौघी थांबत नाहीत. कोण सांगतं त्यांना? सगळ्या एकाच आजीच्या नाती.

२१ जानेवारी

परवाच्या प्रश्नावर मॅडमशी अर्धा तास. मी विचारलं, "मॅडम, थांबायचा आदेश कुठून येतो?" त्या म्हणाल्या, "आदेश हा शब्द काढ. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर म्हण, आणि दोन्हीवर कायम पाय आहे असं समज."

अ‍ॅक्सिलरेटरचा एक भाग म्हणजे सीडीसी-२५.१. पेशी विभाजनात शिरायची तर सीडीके नावाच्या प्रथिनावर लावलेला फॉस्फेट काढावा लागतो, ते काम याचं. काम झालं की त्याची विल्हेवाट लागली पाहिजे. त्यासाठी लिन-२३ हे प्रथिन त्याच्यावर "टाकून द्या" अशी खूण लावायला मदत करतं. एका उत्परिवर्तनात सीडीसी-२५.१ चं ४६ वं अमिनो आम्ल बदलतं, सेरीनच्या जागी फिनिलॲलनीन येतं. ती खूण लागेनाशी होते, प्रथिन रेंगाळतं, आणि आतड्यात वीसपेक्षा जास्त पेशी होतात.

मला खरी गंमत वाटली ती पुढे. हे प्रथिन भ्रूणाच्या इतर पेशींतही असतं, पण जास्तीच्या पेशी दिसतात त्या आतड्यातच. म्हणजे बाकीच्या अवयवांकडे दुसरे ब्रेक आहेत आणि आतड्याची मदार याच एकावर जास्त. (मॅडम: "मदार हा तुझा अंदाज आहे, तसं लिही." तसं लिहिलं.)

नुसतं किती वेळा विभागायचं एवढंच नाही, कधी हेही बघावं लागतं. ई च्या दोन लेकी भ्रूण २६ पेशींचं झाल्यावर पृष्ठभागावरून आत शिरतात. सुरुवातीच्या भ्रूणात पेशींना उसंत नसते, डीएनएची नक्कल झाली की लगेच विभाजन. या दोघींच्या चक्रात मात्र मध्येच थांबा येतो, आणि त्या थांब्यात त्या आत सरकतात. एन्ड-३ जनुक बिघडलं तर त्या घाईने बाहेरच विभागतात आणि आत जायचं राहून जातं. गाडी सुटायच्या आधी डब्यात चढायचं, मग पिशव्या लावायच्या. उलट केलं की फलाटावरच.

२७ जानेवारी

सगळ्या अळ्या एका वयाच्या करण्याची पद्धत: अंड्यांनी भरलेल्या माद्या (खरं तर उभयलिंगी) ब्लीच आणि सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकायच्या. पाच-सहा मिनिटांत अंगं विरघळतात, कवच असल्यामुळे अंडी वाचतात. ती धुऊन खाऊ नसलेल्या पाण्यात ठेवायची. अळ्या बाहेर पडतात आणि खायला नाही म्हणून तिथेच अडून बसतात. वाढ नाही, विभाजन नाही. उपाशी अवस्थेत कित्येक दिवस जिवंत. जिवाणू दिले की सगळ्यांचं घड्याळ एकदम सुरू.

पहिला प्रयत्न फसला. मी दहा मिनिटं ठेवलं, अंडीही गेली.

२ फेब्रुवारी

जमलं. उपाशी अळ्या, शेकडोंनी.

७ फेब्रुवारी, खारघर

ठाण्याच्या दहा नंबर फलाटावरून पनवेल लोकल. थर्माकोलच्या डब्यात स्लाइड आणि फॉर्मल्डिहाइडमध्ये थांबवलेल्या अळ्या. (मिथेनॉल वापरलं असतं तर हिरवा रंगच मेला असता, हे वेळेत वाचलं.) रबाळ्याला चढलेल्या एका काकूंनी डब्यात मासे आहेत का विचारलं.

मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत पहिली स्लाइड. खाऊ न मिळालेली अळी. हिरवे ठिपके एका ओळीत, पुढे चार जवळजवळ, मग दोन-दोन. एक, दोन, तीन... वीस. दुसरी अळी: वीस. तिसरी: वीस. कुठून तरी आलेली एक पेशी पाच पिढ्या विभागली आणि प्रत्येक अळीत नेमकी वीसावर थांबली, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

मग प्रौढ. केंद्रकं कितीतरी मोठी. कारण पेशी विभागत नसली तरी प्रत्येक वेळी कात टाकताना केंद्रकातला डीएनए दुप्पट होतो, चार वेळा कात, शेवटी नेहमीच्या दोन प्रतींऐवजी बत्तीस. मध्यभागी केंद्रिका काळी राहते, म्हणून प्रत्येक केंद्रक हिरव्या मेदूवड्यासारखं दिसतं. आतड्याचे दाणेही थोडे चमकतात, पण ते पिवळट आणि बारीक.

आणि जोड्या. अळीत जिथे एक ठिपका होता तिथे प्रौढात दोन, एकामागे एक, एकाच पेशीत. केंद्रक विभागलं, पेशीने मात्र मध्ये भिंत घातलीच नाही.

मोजले: ३४, ३४, ३४. खूश.

१२ फेब्रुवारी

योजना. २० अंशांवर खाऊ दिल्यापासून साधारण पंधरा-सोळा तासांनी पहिली कात जवळ येते. त्याआधी अळी सुस्त होते, घशाचं पंपिंग थांबतं, झोप लागल्यासारखी. वाचलेलं असं की केंद्रकं याच सुस्तीच्या सुरुवातीला विभागतात. म्हणून १३ ते १८ तास, दर तासाला नमुना.

कॉलेज संध्याकाळी बंद होतं, रात्री राहायची परवानगी नाही. संध्याकाळी सहाला खाऊ द्यायचा, सकाळी सातला तेरा तास. मामा साडेसहाला कुलूप उघडणार आहेत. त्यांच्यासाठी जांभळी नाक्यावरून चिक्की.

२० फेब्रुवारी

विचित्र. तेराव्या तासालाच सगळ्या अळ्यांत जोड्या. म्हणजे विभाजन आधीच झालेलं, वाचलेल्यापेक्षा निदान दोन तास लवकर! पार्टनर म्हणाली, आपला वाणच वेगवान असेल. मी मॅडमना रात्री मेसेज केला, शेवटी तीन उद्गारचिन्हं.

२१ फेब्रुवारी

मॅडमचं एकच वाक्य: "इन्क्युबेटरचा थर्मामीटर बघितलास?"

परवा, खाऊ दिला त्या संध्याकाळी, देखभालीसाठी आमच्या भागात वीज बंद होती. इन्क्युबेटर थंड करायचा थांबला, परत आल्यावर आपोआप सुरू झालाच नाही. आज सकाळी थर्मामीटर २७ दाखवत होता, आणि काल मी तो बघितलाच नव्हता. २५ ला हे किडे धावतातच, त्याहून वर गेलं तर प्रजाही नीट होत नाही. म्हणजे माझा शोध म्हणजे ठाण्याचा फेब्रुवारी.

आता इन्क्युबेटरवर कागद चिकटवलाय, आल्या-गेल्याने तापमान लिहायचं. मामा रात्री निघताना लिहितात, वेळेसकट, सुवाच्य अक्षरात.

२८ फेब्रुवारी

पुन्हा तोच प्रयोग, या वेळी थर्मामीटर २० वर. नमुने भरले, लेबल लावली.

७ मार्च, खारघर

तेरा तास: वीस. चौदा: बहुतेक वीस. पंधराव्या तासाच्या स्लाइडवर ज्यासाठी एवढं केलं ते मिळालं. एक अळी, मध्यभागातल्या एका पेशीत हिरवा ठिपका नाही, धूसर पसरट ढग. केंद्रकाचं आवरण विरघळलेलं, प्रथिन पेशीभर सांडलेलं. शेजारच्या पेशीत दोन छोटे, घट्ट ठिपके, नुकतेच वेगळे झालेले. तिच्या मागच्या पेशीत अजून एकच. एकाच अळीत आधी, मधे आणि नंतर.

पार्टनरला जागा दिली. ती बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "ह्यांनी भिंत का नाही घातली?"

परतीच्या गाडीत त्यावर वाचलं. आतड्याच्या पेशी कडीला कडी लावून बसलेल्या, आतून अन्नाची नळी, त्यामुळे मधेच पेशी फोडणं अवघड असावं असं मला वाटलं होतं. पण २०२२ च्या एका शोधात दुसरी बाजू दिसते: पेशींना दोन केंद्रकं होऊच दिली नाहीत, एकातच सगळा डीएनए ठेवला, तर अंड्यातल्या पिवळ्या बलकाची प्रथिनं बनवणारी जनुकं हवी तेवढी चालत नाहीत. या किड्याचं आतडं नुसतं पचवत नाही, अंड्यांना बलकही पुरवतं. तेवढाच डीएनए एका खोलीत आणि दोन खोल्यांत, फरक पडतो. का पडतो यावर तुर्भे ते ऐरोली आमचं भांडण.

१४ मार्च, खारघर

सोळा ते अठरा तास. मोजणी सरळ: ३४, ३३, ३४, ३४. त्या ३३ ला पुन्हा मोजलं, ३४ आलं. तेच लिहिलं.

१८ मार्च

मॅडमनी तक्ता बघितला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. हे लक्षण चांगलं नसतं.

"सगळीकडे चौतीस?"

"हो मॅडम, पुस्तकाशी जुळतंय."

"कुठल्या पुस्तकाशी?"

मी वही उघडली, ९ जानेवारी. वीसाचे चौतीस होतात. त्यांनी पार्टनरची वही मागितली. तिच्याकडे त्याच दिवसाची ओळ: "वीसाचे चौतीस*पर्यंत* होतात." मॅडमनी तेच सांगितलं होतं. तीस ते चौतीस. मी "पर्यंत" खाल्लं होतं, आणि मग मोजताना ज्या अळ्या तिथवर पोचल्या नाहीत त्यांना दुसऱ्यांदा मोजून तिथवर नेलं होतं. ज्या पोचल्या त्यांना मी कधीच दुसऱ्यांदा मोजलं नाही.

ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "स्लाइडवरची लेबलं झाकायची. कोण मोजतंय त्याला कुठली स्लाइड ते कळता कामा नये. आणि एकदाच मोजायचं."

घरी आईने विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

२८ मार्च, खारघर

लेबलांवर पांढरी पट्टी, वर पार्टनरने लिहिलेले आकडे, यादी तिच्या पर्समध्ये. मला काय चाललंय कळत नव्हतं, आणि पहिल्यांदाच बरं वाटलं.

मग आम्ही अदलाबदल केली, तिच्या झाकलेल्या स्लाइड मी, माझ्या तिने. दुपारी यादी उघडली. उपाशी अळ्या: वीस, एकही चूक नाही. कात टाकलेल्या: ३०, ३२, ३३, ३२, ३४, ३१... चौतीस आहेत, पण मोजके.

नुसते आकडे नाहीत, जागाही लिहिल्या होत्या म्हणून बरं झालं. पुढच्या सहा पेशी (पहिल्या दोन कड्यांतल्या) एकटं केंद्रक ठेवून. मधल्या पाच कड्यांतल्या दहाही जोडीत. खेळ सगळा शेवटच्या दोन कड्यांतल्या चार पेशींचा. त्यातली एखादी विभागते, एखादी नाही. कधी डावी, कधी उजवी. वीस अधिक दहा तीस, अधिक चार चौतीस. मधले आकडे ही चूक नाही, तीच गोष्ट आहे.

म्हणजे भ्रूणात याच आतड्याला वीसच्या पुढे एक पेशी चालत नाही, आणि अळी झाल्यावर शेवटच्या चौघींना मोकळीक. भ्रूणातही शेवटचं जास्तीचं विभाजन याच टोकाला झालं होतं (आणि पुढच्या टोकालाही, पण पुढच्या पेशी इथे गप्प). हा संबंध आहे की मला तसं दिसावंसं वाटतंय, ते ठरवायला आमच्याकडे काही नाही. मॅडमना सांगितलं. "टिपून ठेव, निष्कर्षात घालू नकोस."

४ एप्रिल

लॅबमध्ये पंख्याखाली ३६. इन्क्युबेटरचा कागद दुसरा लावला.

९ एप्रिल

अहवाल लिहायला घेतला. "चौतीस" असलेल्या तक्त्याचं काय करायचं? पार्टनर म्हणाली, काढून टाकू. मॅडम म्हणाल्या, ठेवा, शेजारी झाकून मोजलेला ठेवा, आणि वर तारखा.

१३ एप्रिल

सादरीकरणासाठी खारघरहून आणलेले फोटो कॉलेजच्या कॉम्प्युटरवर लावले होते. मामा चहा घेऊन आले, स्क्रीनकडे बघत उभे राहिले. "हे हिरवं काय?"

सांगितलं. एकेक ठिपका मोजा म्हटलं, जोडी असेल तर दोन. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि स्क्रीनला न टेकवता टोक पुढून मागे फिरवत नेलं, ओठ हलत होते. शेवटी शेपटीपाशी अडखळले, वाकून बघितलं.

"इथे डावीकडे दोन आहेत, उजवीकडे एकच." मग सरळ झाले. "एकतीस. बरोबर का?"

स्लाइड ४७. पार्टनरच्या वहीत ३१. माझ्या १४ मार्चच्या वहीत ३४.